गेट पासवर सुटलेली कळी

ती घटना विसरून जावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण तिचा एक फोटो आहे आणि तो आमच्या घरात कुणी टाकू देत नाही. फोटोत एक टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर एक कुंडी आणि कुंडीमागे छाती काढून उभे राहिलेले चार पोलीस. मधोमध ज्या बाई आहेत, गॉगल डोक्यावर, काठी काखेत, चेहऱ्यावर आंतरराज्य टोळी पकडल्याचा भाव, त्या म्हणजे मी. कुंडीत एक झाड आहे. तेसुद्धा चुकीचं.

परवा नातीनं विचारलं, "आजी, ते झाड पळून जात होतं का गं?"

"नाही बाळा," मी म्हटलं, "मी त्याला पळायला अवधीच दिला नाही."

बारा-तेरा वर्षं झाली. मी सहायक पोलीस निरीक्षक होते आणि चिखलीकडच्या एका ठाण्यात नुकतीच बदलून आले होते. पंचेचाळिशी ओलांडली होती, पण अक्कल अजून प्रोबेशनवर होती. नावं मी कुणाचीच देणार नाही. माझं द्यायला हरकत नव्हती, पण लाज वाटते.

गुरुवार होता. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. चिखली-भोसरीची छोटी वर्कशॉपं म्हणून तर गुरुवारीच सुट्टी घेतात. चाकणच्या मोठ्या कंपन्यांकडे जनरेटर असतात, त्यांची सुट्टी रविवारी. त्या गुरुवारी खोदकामात कुठलीशी केबल तुटली आणि दुपारी येणारी लाईट संध्याकाळपर्यंत आलीच नाही. भर एप्रिल. आम्ही ठाण्यात फायलींनी वारा घेत बसलो होतो.

सहाच्या सुमारास सत्तरीचे एक गृहस्थ आत आले. कुणाच्या तरी साखरपुड्याहून थेट आलेले. कपाळावर गंध, डोक्यावर फेटा, आणि फेट्याखाली रडवेला चेहरा.

"चोरी झाली," ते म्हणाले. "माझं झाड नेलं."

आमच्या ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरी उघडली. "कसलं झाड? चंदन का?"

"ऑर्किड."

"किती फुटी?"

गृहस्थांनी वीतभर हात धरला. ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

या गृहस्थांना सगळी आळी अण्णा म्हणायची, मीही तेच म्हणते. जुन्या गावकरी घरातले. तीस-पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या पारावर जाऊन बसतात. अण्णांनी कुदळवाडीच्या भंगारातून थंड पेयांचा एक काचेच्या दाराचा फ्रीज आणला आणि त्यात ढग तयार करायला घेतला.

खरंच ढग. त्यांना वाढवायचं होतं ते ऑर्किड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरचं. तिथली जंगलं वर्षभर ढगात बुडालेली असतात. त्या झाडाला दिवसा फार तर वीस अंश लागतात, रात्री बारा, आणि हवा सतत ओली. आपल्याकडच्या ऑर्किडांच्या बुडाशी पाणी साठवायला गाठी असतात, याला तेही नाही. एक दुपार तापली की पानं गळतात आणि कळी असेल तर आधी कळी. हे झाड चिखलीत! अण्णांनी फ्रीजला जुन्या कॉम्प्युटरचे पंखे बसवले, धुकं सोडणारं यंत्र बसवलं, दिवे बसवले. पाणी फक्त पावसाचं, कॅनमध्ये भरून ठेवलेलं. गुरुवारी लाईट जाणार म्हणून बुधवारपासून बाटल्यांत बर्फ गोठवायचा. कालिम्पाँगच्या एका नर्सरीतून मागवलेली तीन रोपं मेली. चौथं जगलं. आणि सातव्या वर्षी, त्या महिन्यात, त्याला पहिली कळी आली होती.

"दहा-बारा दिवसांत उमलली असती," अण्णा म्हणाले. "मी फुलाचा फोटोच बघितलाय मॅडम. फूल न्हाई बघितलं. ज्यानं नेलं त्याच्याकडं ती कळी चार दिवस न्हाई टिकायची. मला चोर नको. कळी गळायच्या आत झाड आणून द्या."

फिर्याद लिहून घेतली. झाडाचं लॅटिन नाव अण्णांनी तीनदा सांगितलं; ठाणे अंमलदारांनी 'विदेशी थंड झाड' असं लिहून विषय मिटवला.

शुक्रवारी सकाळी मी पंचनाम्याला गेले. सोबत आमचे हवालदार. हा माणूस पंचनामा असा लिहायचा की वाचणाऱ्याला त्या खोलीत राहायला आल्यासारखं वाटावं. काचेचं कपाट रिकामं, कुलूप न तोडता उघडलेलं, किल्ली मीटरच्या खोक्यावर, म्हणजे गल्लीत सगळ्यांना माहीत असते तिथेच. समोरचे गिरणीवाले आणि एक शिंपी पंच म्हणून उभे होते. हवालदार लिहीत होते: 'खोलीच्या उत्तर भिंतीस लागून पाण्याचे पांढरे कॅन चार नग, चारही काठोकाठ भरलेले, झाकणावर पाऊस असे लिहिलेले.'

"हवालदार," मी म्हटलं, "चोर पाणी पिऊन गेलाय का? मुद्द्याचं लिहा."

"मॅडम, जे दिसतं ते लिहितो," ते म्हणाले आणि कॅनची उंचीही मोजली.

घरात अण्णा आणि त्यांची सून, दोघंच होती. मुलगा नोकरीनं गुजरातेत. सून चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे, एवढं अण्णांनी सांगितलं. गुरुवारी दुपारी दोनच्या बसनं ती सेकंड शिफ्टला गेली, अण्णा मावळात बहिणीच्या नातीच्या साखरपुड्याला गेले होते. मुक्काम करणार होते, पण कळीची काळजी वाटली म्हणून संध्याकाळीच परतले. म्हणजे दोन ते सहा घर रिकामं. मी वहीत 'दोन ते सहा' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. रेघा मारायची मला भारी हौस होती.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तिशीची, अंगानं बारीक, डोळे सुजलेले. कप देताना हळूच म्हणाली, "मॅडम, जरा बोलायचं होतं."

मी म्हटलं, "हो, साखर कमी."

हे वाक्य माझ्या नोकरीतलं सर्वात महागडं वाक्य आहे. त्याचा हिशेब पुढे येईल.

त्याच संध्याकाळी बातमी लागली. आमच्या एका गॅरेजवाल्या खबऱ्यानं सांगितलं, "मॅडम, गुरुवारी दुपारी देहू-आळंदी रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याचा टेम्पो अण्णांच्या गल्लीत होता. झाकलेली कुंडी चढवताना म्या डोळ्यानं बघितलं." अण्णांना विचारलं तर ते उसळलेच. हा नर्सरीवाला दोन वर्षं त्यांच्या मागे लागला होता, फुटवा द्या म्हणून. अण्णांनी दिला नव्हता. मोठी वादावादी झाली होती. हेतू मिळाला, संधी मिळाली. मला तर पदकच दिसायला लागलं.

शनिवारी सकाळी त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, मातीनं भरलेल्या पायांचा माणूस. मी माझी खास पद्धत वापरली. काही न विचारता नुसतं रोखून बघायचं. आरोपी आतून ढासळतो, असं मला प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं. मी चार मिनिटं रोखून बघितलं.

"मॅडम," तो शेवटी काळजीनं म्हणाला, "डोळ्यात काय गेलंय का?"

मग मी विचारायला सुरुवात केली. टेम्पो गल्लीत का होता? एका सोसायटीच्या कुंड्या परत न्यायला. झाकून का? ऊन होतं म्हणून. झाड कुठाय?

"मॅडम, म्या ते झाड चोरलं असतं तर दुपारपत्तुर मेलं असतं. माझ्या शेडात आत्ता चाळीसच्या वर हाय, चला दावतो. ते झाड नेणाऱ्याला आधी थंडी चोरावी लागंल. मी कुठनं आणू थंडी?"

केस उलगडायला लागणारं सगळं त्या एका उत्तरात होतं. मी केस डायरीत काय लिहिलं असेल? 'संशयित उडवाउडवीची उत्तरे देतो.'

त्याच्या नर्सरीत झडती घेतली. शेडच्या मागच्या बाजूला, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, एकच कुंडी वेगळी ठेवलेली. चकचकीत पानं, शेंदरी काहीतरी उमलू लागलेलं. "हे लपवलंय कशाला?" मी गरजले.

"लपवलं न्हाई. ऊन लागतंय म्हणून..."

"जप्त करा!"

पंचांसमक्ष जप्ती केली, कुंडीला लाखेचं सील ठोकलं. ठाण्यात आल्यावर टेबल मांडलं, हिरवं कापड अंथरलं. मुद्देमाल पुढे, पोलीस मागे, ही आपल्याकडची पद्धतच आहे. एका स्थानिक पेपरचा बातमीदार ठाण्यात आलेलाच होता. त्याला चहा पाजला, फोटो काढून घेतला. त्यानंतर, सगळं झाल्यावर, आम्ही फिर्यादीला ओळख पटवायला बोलावलं. म्हणजे बघा.

अण्णा धावत आले. टेबलापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय हाय?"

"तुमचं झाड," मी म्हटलं.

"मॅडम, हे अँथुरियम हाय. सोसायटीत लिफ्टपाशी ठेवत्यात ते."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. नर्सरीवाला बाकावर बसून होता, तो उठून अण्णांजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, कळी किती मोठी होती?" अण्णांनी बोटाचं पेर दाखवलं. दोन वर्षं न बोलणारी ती दोन माणसं टेबलाच्या एका बाजूला, आणि फोटो काढून बसलेली मी दुसऱ्या बाजूला.

फोटो रविवारी छापून आला. 'दुर्मिळ वनस्पती हस्तगत.' आमच्या मोठ्या साहेबांनी पेपर वाचून मला फोन केला. एवढंच म्हणाले, "बाई, उद्या तुळस पकडा."

नर्सरीवाल्याची माफी मागायला मी स्वतः गेले, कुंडी हातात घेऊन. सील काढू लागले तर तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. आता हिला दुकानाच्या दर्शनी बाजूला ठेवतो. पोलिसांनी धरून आणलेली कुंडी तालुक्यात दुसरी न्हाई." वर मला मोगऱ्याचं एक रोप दिलं. इतकी लाज मला बदलीच्या ऑर्डरनंही कधी वाटली नव्हती.

त्या लाजेपोटी त्याचं बोलणं पहिल्यांदा नीट आठवलं. नेणाऱ्याला आधी थंडी लागेल. मग काय, रविवारी दिवसभर आम्ही थंडी शोधत हिंडलो. दूध डेअरी, आइस्क्रीमचं गोदाम, औषधांचा साठा, तळेगावकडची गुलाबांची शीतगृहं. प्रत्येक ठिकाणी आत जायचं, कुडकुडायचं, बाहेर येऊन भाजायचं. संध्याकाळी हवालदारांना सर्दी झाली.

"मॅडम," ते शिंकत म्हणाले, "शवागार तेवढं राहिलं."

सोमवारी सकाळी आम्ही पुन्हा अण्णांकडे गेलो. चौथा दिवस होता. खरं म्हणजे काही सापडलं नाही हे सांगायलाच गेलो होतो. कागदावर त्याला 'पुरवणी जबाब' म्हणतात. अण्णा रिकाम्या कपाटासमोर स्टूल टाकून बसले होते. यंत्र चालू ठेवलं होतं. काचेआड कुणासाठी तरी धुकं सुटत होतं.

हवालदार सवयीनं आपला पंचनामा काढून खोलीशी ताडून बघत होते. मध्येच थांबले.

"अण्णा, हे पावसाचं पाणी कशाला कशाला वापरता?"

"त्या झाडालाच. दुसऱ्या कशालाबी न्हाई. वर्षभर पुरवायचं असतंय."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या कॅनकडे. शुक्रवारी चारही कॅन काठोकाठ होते. आता एक कॅन चार बोटं उतरला होता.

झाड घरात नाही. त्याचं पाणी मात्र कमी होतंय. कुणीतरी या घरातून पाणी नेऊन त्या झाडाला घालतंय.

त्याच वेळी सून चहाचा ट्रे घेऊन आली. या वेळी मी कप घेतला नाही. हवालदारांना म्हटलं, "अण्णांना घेऊन जरा गल्लीत जा, टेम्पो नक्की कुठं उभा होता ते बघा." ते गेल्यावर मी सुनेमागून स्वयंपाकघरात गेले.

"जिवंत आहे ना?" मी विचारलं.

तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. "आहे, मॅडम. एक पान गळलं. कळी आहे."

"कुठाय?"

"आमच्या मेझरिंग रूममध्ये. वीस अंश. दिवसरात्र, बारा महिने."

ही मुलगी चाकणच्या कंपनीत मोजमाप विभागात होती. गाडीचे भाग मायक्रॉनमध्ये मोजतात ती खोली. उष्णतेनं लोखंड केसभर जरी फुगलं तरी माप चुकतं, म्हणून ती खोली कायम वीस अंशांवर ठेवतात. मी आदल्या दिवशी दुधाच्या डेअऱ्या धुंडाळत होते, आणि उत्तर मला शुक्रवारपासून चहा देत होतं.

"गुरुवारी एकला बघितलं तर बर्फ वितळलेला," ती सांगू लागली. "आत तीस अंश. अण्णांना सहा फोन केले. बँडच्या आवाजात त्यांना ऐकू कुठलं येतंय? माझी बस दोनला. मग कुंडी डब्याच्या पिशवीत घातली, बाजूला बर्फाची बाटली. म्हटलं, शिफ्ट संपली की परत आणू. अण्णा तर दुसऱ्या दिवशी येणार होते."

"मग आणलं का नाही?"

"गेट पास, मॅडम." ती रडता रडता हसली. "आत जाताना डबा कोण बघतंय? बाहेर पडताना बघतात. गेट पासशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही. आणि जी वस्तू आत आल्याचीच नोंद नाही, तिचा पास कोण देणार? सापडली असती तर नोकरी गेली असती. मी अर्ध्या वाटेतून परत फिरले, खोलीत ठेवून आले. घरी येऊन बघते तर पोलीस केस!"

"अगं, मग खरं सांगायचं ना!"

"शुक्रवारी सांगायलाच आले होते. तुम्ही म्हणालात, साखर कमी."

मी विशीपासून खाकीत होते. बायकांचं कुणी ऐकून घेत नाही, म्हणून पोलिसात गेलेली बाई मी. आणि घरातल्या एकुलत्या एक साक्षीदाराला मी साखरेचं प्रमाण सांगितलं.

"अण्णांना तरी सांगायचं."

"त्यांनी मला कपाटाला हात लावायला बंदी केलीय. लग्न होऊन आले त्या वर्षी ते तापानं पडले होते, तेव्हा पहिल्या रोपाला मी बोअरचं पाणी घातलं. रोप मेलं. तेव्हापासून दाराशीसुद्धा उभं करत नाहीत." तिनं डोळे पुसले. "आणि मॅडम, उद्या गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट आहे. खोलीत ज्या वस्तूवर नंबर नाही तिला लाल टॅग लागतो आणि ती सरळ भंगारात जाते."

"मग?"

"म्हणून मी नंबर लावलाय," ती म्हणाली.

दुपारी मी साध्या साडीत, खासगी गाडीनं तिच्यासोबत चाकणला गेले. वाटेत तिला एकच सांगितलं: साहेबांना तू स्वतः सांगायचं, मी शेजारी बसेन. तिचे गुणवत्ता विभागाचे साहेब म्हणजे हसू कपाटात कुलूप घालून ठेवलेला माणूस. तिनं सगळं सांगितलं. उठले, मोजमापाच्या खोलीकडे निघाले. आम्ही मागे.

खोलीच्या कोपऱ्यात, मोजायच्या यंत्रांच्या मागे, पारदर्शक पिशवीत बांधलेली एक कुंडी होती. पिशवी अशासाठी, की झाडाची ओल बाहेर पडून मापांना गंज चढू नये. वीतभर पानं, आणि त्यातून वर आलेल्या तारेएवढ्या देठावर हिरवट शेंदरी कळी. कुंडीवर पिवळं स्टिकर, बाकीची मापं ज्याच्याशी ताडतात त्या नमुन्याला लावतात तसं: 'मास्टर पीस. हात लावू नये.' खाली नोंद क्रमांक. त्याखाली कॅलिब्रेशनची, म्हणजे माप पुन्हा तपासायची, पुढची तारीख.

साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. "ही ड्यू डेट कसली?"

"कळी उमलायची, सर," ती म्हणाली.

मी माझ्या पायांकडे बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं. साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. मग म्हणाले, "खोलीतली मोजायची एकूण एक गेज आज पुसून तेल लावून ठेवायची. एकटीनं. आणि लेखी ताकीद मिळेल." ती हो हो म्हणत होती. "आणि पास बनवा. मास्टर पीस, एक नग. परत येणार का हे?"

"फूल आलं की दाखवायला आणते, सर."

"मग रिटर्नेबल लिहा."

गेटवरच्या सुरक्षारक्षकानं पास वाचला, कुंडी वाचली, पुन्हा पास वाचला. "एक नग म्हणजे कसं, पानं धरून का?"

"पानं धरून," मी म्हटलं.

"आन् ही कळी? हिचा वेगळा नग पडंल का?"

"ती अजून उमललेली नाही. उमलली की बघू."

त्यानं शिक्का मारला. माझ्या आख्ख्या नोकरीत इतका महत्त्वाचा ऐवज मी मांडीवर घेऊन कधी प्रवास केला नव्हता. चाकण ते चिखली, एसी फुल्ल, आणि ड्रायव्हरला दम, खड्डा चुकव.

सून कामावर थांबली होती, म्हणून अण्णांना सांगायचं माझ्यावर आलं. कुंडी बघताच त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. कपाटाचं दार उघडलं, झाड आत ठेवलं, कळी बघितली, दार लावलं. मग मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"तिनं हात लावला? मी सांगून ठेवलं होतं..."

"अण्णा, आणखी एक गोष्ट आहे. तिनं तुमचा कपाटातला थर्मामीटर पण सोबत नेला होता. कंपनीतल्या तपासलेल्या थर्मामीटरशेजारी चार दिवस ठेवला." मी पर्समधून तिनं दिलेला कागद काढला. "तुमचा तीन अंश कमी दाखवतो. तुम्हाला अठरा वाटतात तेव्हा आत एकवीस असतात."

अण्णांनी कागद घेतला. टूलरूमचा माणूस, आकडे वाचायला त्यांना वेळ लागला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली होती, आणि घरातला थर्मामीटर कधी तपासला नव्हता.

"म्हंजे ती तीन रोपं..." ते म्हणाले. "पहिलंबी तिच्या पाण्यानं न्हाई गेलं तर."

"मला झाडातलं कळत नाही," मी म्हटलं. "मी अँथुरियम पकडते."

त्यांना हसू आलं, पण पूर्ण आलं नाही.

पुरवणी जबाब झाला: झाड घरच्याच माणसानं काळजीपोटी हलवलं होतं, ते सुस्थितीत परत मिळालं, कुणाविरुद्ध तक्रार नाही. लबाडीचा हेतू नसेल तर चोरी होत नाही. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, म्हणून 'क समरी' मागून प्रकरण बंद केलं. आमच्या मोठ्या साहेबांनी सही करताना विचारलं, "तुळशीचं काय झालं?" मी सॅल्यूट ठोकून बाहेर आले.

पुढे नोकरीत या प्रकरणाचा मला फार उपयोग झाला. नवीन पोरं-पोरी हाताखाली यायच्या तेव्हा सांगायचे: चोर कुठे गेला असेल हे विचारण्याआधी, चोरलेल्या वस्तूला कुठे जावं लागलं असेल ते विचारा. जे दिसतं ते सगळं लिहा, पाण्याच्या कॅनसकट. आणि घरात गेल्यावर ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही त्या माणसाचा जबाब सर्वांत आधी घ्या. चहा नंतर प्या. फोटो तर शेवटी, शक्यतो काढूच नका. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि खाली दोन रेघा मारायची. मला माझंच तोंड दिसायचं.

ड्यू डेट तीन दिवसांनी चुकली. एका सकाळी अण्णांचा ठाण्यात फोन आला, "उमललं." मी, हवालदार, ठाणे अंमलदार, सगळे गेलो. नर्सरीवालाही आला होता, अंघोळ करून, पाय धुऊन. खोलीत फार माणसं झाली की गरमी वाढते म्हणून आम्हाला ओसरीवर रांगेत उभं केलं होतं. काचेवर आतून वाफ धरली होती. बाहेरून नुसता शेंदरी ठिपका दिसत होता. अण्णा दाराच्या मुठीला हात लावून उभे होते. सात वर्षांत त्यांनी फूल बघितलं नव्हतं. तरी त्यांनी दार उघडलं नाही. मागे वळून सुनेकडे बघितलं.

"उघडू का?"

ती नवा थर्मामीटर बघत होती. "थांबा अण्णा. अजून एक अंश उतरू द्या."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि मुठीवरचा हात काढून एक पाऊल मागे सरकले.

पस्तीस-एक वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. काही धमकावून, काही रोखून बघून, काही चहा पाजून. त्या 'बरं'इतका पुरा कबुलीजबाब मला कधी मिळाला नाही. तो मी लिहून घेतला नाही. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो आणि एक अंश उतरायची वाट बघत बसलो.